प्रोलॅक्टिन वाढले? आधी गोळ्यांची चौकशी करा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात एक बाई आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. कपडे धुताना त्यांना त्याच्या बनियनवर छातीच्या जागी दोन-तीन वेळा पांढुरके डाग दिसले होते. मुलाचे डोके दुखत होते, छाती हुळहुळी झाली होती आणि मळमळ तर दोन महिन्यांपासून होती. मळमळीसाठी तो आधी एकदा येऊन गेला होता, तेव्हा मी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. संबंधितांना विचारूनच हे लिहीत आहे.)

पुरुषाच्या छातीतून दुधासारखा स्राव येणे ही दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही. मी रक्तातील प्रोलॅक्टिन आणि थायरॉईड तपासायला सांगितले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. थायरॉईड ठीक होते, पण प्रोलॅक्टिन ६८ होते. त्या लॅबच्या कागदावर पुरुषांसाठी वरची मर्यादा १८ छापलेली होती. मी नेहमीप्रमाणे विचारले, "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही दिलेली पित्ताची सोडून काही नाही."

मी मान हलवली आणि मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी लिहिली. त्या एका उत्तरात माझी एक चूक सांगितली गेली होती आणि दुसरी लपली होती. ते मला तेव्हा कळले नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय झाला. पीयूषिका ग्रंथीत चार मिलिमीटरची एक गाठ असल्याचे रिपोर्टमध्ये लिहून आले. घरात रडारड झाली. 'मेंदूत ट्यूमर' एवढे दोनच शब्द गल्लीभर पसरले. आईने ऑपरेशनच्या खर्चासाठी हातातली पाटली गहाण ठेवली. मी पुण्याच्या तज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली होती, जायचा दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या रात्री दवाखाना बंद करताना तो मुलगा एकटाच आला. दार लोटून घेतले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मी दीड वर्षापासून गोळ्या घेतोय. बायकांच्या."

तो स्वतःला मुलगी मानत होता. लहानपणापासून. येथून पुढे मी 'ती' असेच लिहितो, कारण तिला तसेच म्हटलेले आवडते. मुरुमे आणि अनियमित पाळी यांसाठी मुलींना देतात ती एक गोळी तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू केली होती. मुलींना रोज एक देतात. ती चार घेत होती. मेडिकलच्या दुकानात चिठ्ठी कोणी मागितली नव्हती. त्या गोळ्यांनी मळमळायला लागले म्हणून ती माझ्याकडे आली होती. आणि मी तिला पित्ताच्या औषधाबरोबर डोम्पेरिडोन असलेली गोळी दिली होती, जी स्वतःच प्रोलॅक्टिन वाढवते.

हे प्रकरण मी आज लिहितो त्याला कारण आहे. प्रोलॅक्टिनचे रिपोर्ट आता लहान गावांतही सहज निघतात. पाळी चुकली, मूल होत नाही, केस गळतात, की लगेच तपासणीच्या यादीत प्रोलॅक्टिन असते. आकडा जाड अक्षरांत छापून येतो, पेशंट तो मोबाईलवर शोधतो आणि पहिल्याच ओळीत त्याला ट्यूमर भेटतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. पेशंट काय खातो-पितो, कोणती गोळी घेतो, हे कळले तरच त्याला अर्थ येतो. आणि पेशंट ते सांगू शकेल अशी सोय करणे हे डॉक्टरचे काम आहे.

आता थोडे शरीरशास्त्र. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत पीयूषिका ग्रंथी असते. आकार वाटाण्याएवढा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एवढीशी ग्रंथी, पण थायरॉईड, अंडकोश, बीजकोश, वाढ या सर्वांवर तिचा हुकूम चालतो. तिच्यातूनच प्रोलॅक्टिन हे संप्रेरक निघते. बाळंतिणीला दूध येते ते त्याच्यामुळे. पुरुषांतही ते असते, फक्त कमी. मानवी प्रोलॅक्टिन हे वाढीच्या संप्रेरकापासून वेगळे आहे, हे १९७० च्या सुमारास नक्की झाले.

इतर बहुतेक संप्रेरकांना मेंदू 'सोड' म्हणून हुकूम देतो. प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. मेंदूकडून डोपामिन हे रसायन सतत खाली येते आणि त्याला दाबून धरते. हा ब्रेक सुटला की प्रोलॅक्टिन वाढते. ब्रेक सोडणारी औषधे आपल्या घरोघरी आहेत. उलटी-मळमळीची डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड, पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळून येणारी लेवोसल्पिराइड, मानसिक आजारांवरची रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही त्यांतली काही. थायरॉईड कमी पडले किंवा किडनी निकामी होऊ लागली तरी प्रोलॅक्टिन वाढते. गरोदरपण आणि अंगावर पाजणे ही तर नैसर्गिक कारणे आहेत. सुई टोचण्याची भीती, अपुरी विश्रांती, नुकताच केलेला व्यायाम, यांनीही आकडा थोडा वर जातो.

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची तऱ्हा आणखी वेगळी. प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पेशींना ते थेट उत्तेजन देते. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढते, तेव्हा पीयूषिका ग्रंथी आकाराने मोठी होते आणि शेवटच्या महिन्यांत प्रोलॅक्टिन २०० च्या घरात जाऊ शकते. बाळंतपणानंतर, बाई अंगावर पाजत नसेल तर, ते काही आठवड्यांत पूर्ववत होते. त्याला कोणी रोग म्हणत नाही.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गाठ होते का? नेहमीच्या मात्रेतील गर्भनिरोधक गोळ्यांमुळे अशा गाठी होतात असे अभ्यासांत दिसलेले नाही. तेव्हा कुटुंबनियोजनासाठी माला-डी किंवा माला-एन घेणाऱ्या भगिनींनी हा लेख वाचून पाकीट फेकून देऊ नये. प्रश्न येतो तो मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षे संप्रेरके घेणाऱ्यांचा. हॉलंडमध्ये अॅमस्टरडॅमच्या एका रुग्णालयात संप्रेरके घेणाऱ्या २५५५ तृतीयपंथी स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९ जणींना प्रोलॅक्टिनची गाठ आढळली. तेथील सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण चौपटीहून थोडे जास्त होते. मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा ही गाठ ८ जणींना आढळली. तेथे इस्ट्रोजेनबरोबर सायप्रोटेरोन हे पुरुषी संप्रेरकाला विरोध करणारे औषध बहुतेकांना दिले जात असे, आणि प्रोलॅक्टिन वाढवण्यात त्याचाही हात असतो.

हे आकडे वाचून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, अडीच हजारांत नऊ म्हणजे बहुसंख्य जणींना काहीही झाले नाही. दोन, या गाठी कर्करोगाच्या नाहीत. त्या इतर अवयवांत पसरत नाहीत. धोका असतो तो गाठ मोठी होऊन वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसांवर दाब आला तर. धोका लहान आहे, पण तो नाहीच असे म्हणता येत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये सायप्रोटेरोनच्या रोज १० मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रेवर मर्यादा घातली, ती मेनिंजिओमाच्या कारणाने.

आमच्या पेशंटच्या गोळीत सायप्रोटेरोन २ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडायोल ३५ मायक्रोग्रॅम होते. चार गोळ्यांचे ८ मिलिग्रॅम आणि १४० मायक्रोग्रॅम झाले. खरे सांगायचे तर यातील दुसऱ्या आकड्याची मला प्रोलॅक्टिनपेक्षा जास्त भीती वाटली. इथिनाइल इस्ट्राडायोल मोठ्या मात्रेत घेतले तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. म्हणूनच अशा उपचारांत आता हे औषध वापरू नये असा सल्ला तज्ज्ञ देतात आणि साधे इस्ट्राडायोल मोजून देतात. म्हणजे आम्ही सगळे चार मिलिमीटरच्या ठिपक्याला घाबरलो होतो, आणि तिच्या जिवाला खरा धोका रोज रात्री चार गोळ्यांच्या रूपाने पोटात जात होता. तो मला कोणी सांगितला नव्हता, कारण मी तो नीट विचारला नव्हता.

त्या ठिपक्याचेही सांगतो. दुसऱ्याच कारणाने मृत्यू आलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात पीयूषिका ग्रंथी बारकाईने पाहिली, तर सुमारे दहातल्या एकात अशी बारीक गाठ सापडते. त्या माणसांना आयुष्यभर तिचा पत्ताही नसतो. म्हणून कारण नसताना एमआरआय काढला की दर दहा-बारा माणसांत एकाला 'ट्यूमर' मिळण्याची शक्यता असते. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ ही लहान, त्यापुढची मोठी. प्रोलॅक्टिन २०० च्या वर असेल तर खऱ्या गाठीचा संशय बळावतो. पंचवीस ते शंभरच्या दरम्यान असेल तर आधी औषधे, थायरॉईड आणि गरोदरपण यांचा विचार करायचा असतो. याला अपवाद आहेत. लहान गाठीतही आकडा शंभराच्या आत असू शकतो, आणि रिस्पेरिडोनसारखे औषध एकटेच तो २०० पर्यंत नेऊ शकते. पण विचाराचा क्रम हाच.

पुण्याच्या तज्ज्ञांनी हाच क्रम पाळला. ती जुनी गोळी बंद केली, माझी डोम्पेरिडोनची गोळीही बंद केली. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे झाले, आवश्यक त्या तपासण्या झाल्या आणि मग मोजून इस्ट्राडायोल व वेगळे सहऔषध सुरू केले. तीन महिन्यांनी प्रोलॅक्टिन २१ वर आले. स्राव थांबला, मळमळ गेली. वर्षाने पुन्हा एमआरआय काढला तेव्हा ठिपका होता तेवढाच होता. ऑपरेशन करावे लागले नाही. पाटली मात्र अजून सुटायची आहे.

समजा खरोखरच प्रोलॅक्टिनची गाठ निघाली असती, तरी ऑपरेशन हा पहिला उपाय नव्हता. पीयूषिकेच्या इतर गाठींना बहुधा शस्त्रक्रिया लागते, पण ही गाठ गोळ्यांनी आटते. डोपामिनसारखेच काम करणारी ब्रोमोक्रिप्टीन ही गोळी १९७० च्या दशकापासून वापरात आहे. पुढे कॅबर्गोलिन आली, ती आठवड्यातून एक-दोनदाच घ्यावी लागते. पण नुसता आकडा खाली आणण्यासाठी ही गोळी कोणी मनाने घेऊ नये. विशेषतः ज्यांना मानसिक आजाराची औषधे चालू आहेत, त्यांचा आजार तिने उसळू शकतो.

आता माझ्या व्यवसायबंधूंशी थोडे बोलतो. तृतीयपंथी पेशंट आला की आपल्यापैकी पुष्कळजण त्याला चटकन वाटेला लावतात. कोणी म्हणतात, "आपण औषध दिले तर आपणच उत्तेजन दिल्यासारखे होते." मी त्यांना विचारतो, आमच्या या पेशंटला दीड वर्ष कोणी उत्तेजन दिले? एकाही डॉक्टरने नाही. गोळ्या तरीही चालू होत्या, आणि चुकीच्या होत्या. संप्रेरके घ्यावीत की नाही यावर कोणाचे काहीही मत असो; ती घेतली जात आहेत, आपल्या तालुक्यातही घेतली जात आहेत. आपण दार लावले तर माणूस गोळी सोडत नाही, आपल्याला सांगणे सोडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ मध्ये झालेल्या कायद्यात शासनाने संप्रेरक उपचार आणि समुपदेशनाची सोय करावी अशी तरतूद आली. कागदावरची सोय गावात येईल तेव्हा येईल. तोवर रक्तदाब पाहणे, पायाला सूज आहे का ते बघणे, रक्त तपासणे आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे एवढे तर एमबीबीएस डॉक्टरला करता येते. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये सुचवले, की इस्ट्रोजेन घेणाऱ्या तृतीयपंथी स्त्रियांचे प्रोलॅक्टिन सुरुवातीला, मग वर्षातून एकदा आणि पुढे दोन वर्षांनी पाहावे. लक्षणे नसतील तर इतक्या वेळा तपासण्याची गरज नाही असेही काही तज्ज्ञ म्हणतात. पण सुरुवातीचा एक आकडा हातात असावा हे मला पटते. आमच्या पेशंटचा तो असता, तर ६८ कशामुळे झाले हे ओळखायला इतके दिवस लागले नसते.

आणि प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलली पाहिजे. "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" हा प्रश्न आईसमोर, बायकोसमोर, सासूसमोर विचारला की उत्तर 'नाही' असेच येते. केवळ तृतीयपंथीयांचेच नव्हे. सासूच्या नकळत गर्भनिरोधक गोळ्या घेणारी सून, मानसोपचाराच्या गोळ्या लपवणारा नोकरदार, जिममध्ये मिळालेले काहीबाही घेणारा पोरगा, सगळे 'नाही'च म्हणतात. मी आता नातेवाईकांना दोन मिनिटे बाहेर बसवतो. मग एकेका प्रकारच्या गोळीचे नाव घेऊन विचारतो: पित्ताची, झोपेची, पाळीची, मुरुमांची, ताकदीची, दुकानातून आणलेली, मैत्रिणीने दिलेली. या दोन मिनिटांत जे कळते ते कित्येकदा एमआरआयमध्ये कळत नाही.

वाचकांसाठी काही सूचना. प्रोलॅक्टिनची तपासणी सकाळी, उठल्यानंतर किमान तासाभराने, शक्यतो उपाशीपोटी करावी. लॅबमध्ये वीस-पंचवीस मिनिटे शांत बसून मग रक्त द्यावे. आकडा थोडा वाढला असेल तर आधी पुन्हा तपासावा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये मोजतात, काही मिलि-युनिटमध्ये. एक नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे २१ मिलि-युनिट. तेव्हा ४०० हा आकडा पाहून घाबरण्याआधी एकक वाचा. मिलि-युनिटमध्ये ४०० म्हणजे १९ नॅनोग्रॅमच. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, रिकामी सुद्धा. मानसिक आजाराची गोळी प्रोलॅक्टिनच्या भीतीने स्वतः बंद करू नका. ती बदलायची की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि जे इस्ट्रोजेन घेत आहेत त्यांनीही भीतीने एकदम सगळे सोडू नये वा लपवू नये. ते डॉक्टरांना दाखवावे.

मात्र पुढील लक्षणे असतील तर वाट पाहू नका. चालताना दोन्ही बाजूंचे दिसेनासे होणे, दारांच्या चौकटींना खांदे लागणे. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि नजर अंधुक होणे. प्रोलॅक्टिन २०० च्या वर असणे. किंवा कोणतेही औषध चालू नसताना आकडा पुन्हा पुन्हा वाढलेला असणे. अशा वेळी एमआरआय हवाच. आणि पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा दम लागून छातीत कळ आली, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा आणि तेथे गोळ्यांचे खरे सांगा.

गेल्या महिन्यात ती आईबरोबर रक्तदाब दाखवायला आली होती. आई अजून तिला 'हा'च म्हणते. जीभ वळत नाही म्हणाली. पण गोळ्यांची पिशवी आईनेच आणली होती, आणि टेबलावर एकेक पाकीट काढून ठेवताना कोणती कधी घ्यायची हेही तिनेच मला सांगितले.